वाढीव खोलीच्या छपराचं पाणी

घरामागे खोली काढायची ठरली की फरशी कुठली, खिडकी केवढी, स्लॅब टाकायचा की पत्रा, यावर घरात आठवडाभर खल होतो. पावसाच्या पाण्याचा पाइप हा विषय निघतो तो थेट रंगकामाच्या वेळी. "तिथून एक पाइप सोडून देतो की," असं मिस्त्री म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. मग आषाढात जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यात ओल दिसते, रंगाचे पोपडे सुटतात आणि सगळा दोष वॉटरप्रूफिंगवाल्याच्या माथी जातो. वॉटरप्रूफिंग खराब असू शकतं, नाही असं नाही. पण बरेचदा चूक त्याआधीच झालेली असते. नव्या छपरावर फक्त नव्या छपराचं पाणी येणार, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

आधी पाणी मोजा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. एवढ्या एका हिशेबावर पुढचं सगळं उभं आहे.

एक उदाहरण घेऊ. माळ्याचं कौलारू घर आहे. मागच्या बाजूचा उतार ३० फूट लांब आणि वरून पाहिला तर १२ फूट रुंद. (छपराचं माप नेहमी असं आडवं, जमिनीवरच्या सावलीसारखं धरायचं, कौलांच्या तिरक्या अंगाने टेप लावायचा नाही.) मागे १४ बाय १० फुटांची खोली काढली आणि तिच्यावर स्लॅब टाकला. नव्या स्लॅबचं क्षेत्रफळ १४० चौरस फूट, म्हणजे १३ चौरस मीटर. तेवढ्याला ७५ मिमीचा पाइप पुरतो.

पण जुन्या उताराची पन्हळ जर याच स्लॅबवर सोडली, तर आणखी ३६० चौरस फूट, म्हणजे ३३ चौरस मीटरहून थोडं जास्त छप्पर या हिशेबात येतं. शिवाय नव्या स्लॅबच्या वर जुन्या घराची चार फूट भिंत उघडी राहते. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तिच्यावर आपटून खाली उतरतो, म्हणून तिचं निम्मं क्षेत्रफळ धरायची रीत आहे. सगळं मिळून ४९ चौरस मीटर होतं. ताशी १०० मिमीच्या सरीत यावरून मिनिटाला सुमारे ८२ लिटर पाणी उतरतं, म्हणजे पाच-साडेपाच बादल्या, दर मिनिटाला. मिस्त्रींचा "एक पाइप" ७५ मिमीचा असेल तर तो हे पाणी घेऊच शकत नाही.

किती छपराला कुठला पाइप लागतो, याचे आकडे आपल्याकडच्या बांधकाम संहितेत दिलेले आहेत. ताशी १०० मिमी पाऊस धरला तर ७५ मिमी व्यासाचा उभा पाइप साधारण २० चौरस मीटर छपराचं पाणी नेतो आणि १०० मिमीचा ४२. ताशी १५० मिमी धरला तर हेच आकडे १३ आणि २८ वर येतात. म्हणजे व्यास जेमतेम एक इंच वाढला की क्षमता दुपटीने वाढते. दोघांच्या किमतीत तेवढा फरक नसतो. त्यामुळे घराच्या छपराला ७५ मिमीचा पाइप लावून पैसे वाचवणं मला कधीच पटलेलं नाही.

"आमच्याकडे कुठे एवढा पाऊस?"

हा प्रश्न सोलापूर, बीड, जालन्याकडे हमखास येतो. पाइपला वर्षभराच्या पावसाशी कर्तव्य नसतं. त्याला त्या दहा मिनिटांच्या सरीशी गाठ असते. रत्नागिरीला वर्षाकाठी ३००० मिमीच्या वर पाऊस होतो, पुण्याला त्याच्या चौथाईच्या आसपास. तरी मे महिन्यातला एखादा वळीव पुण्यात किंवा परभणीत अर्धा तास असा कोसळतो की कोकणातली रोजची संततधार त्यापुढे सौम्य वाटावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. नुसती सरासरी काढली तर तो ताशी ३९ मिमीच भरतो. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत पडला. म्हणून दुष्काळी तालुक्यातही हिशेब ताशी १०० मिमीनेच करावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर १५० धरणं शहाणपणाचं.

जुन्या पाइपचं काय करायचं?

नवी खोली जिथे काढायची असते, नेमका तिथेच जुन्या घराचा उभा पाइप असतो. मग तीन गोष्टींपैकी एक होते. पाइप नव्या भिंतीत चिणला जातो, किंवा अर्ध्यावर कापून त्याचं तोंड नव्या स्लॅबवर सोडलं जातं, किंवा त्याच पाइपला टी लावून नव्या स्लॅबचं पाणी त्यात घेतलं जातं.

चिणलेला पाइप आतल्या आत गळला तर कळायला मार्ग नसतो. कळतं तेव्हा कपाटामागची भिंत काळी पडलेली असते. कॉलमच्या काँक्रीटमध्ये पाइप घालणं तर त्याहून वाईट, कारण तिथे गळती लागली की सळईला गंज चढतो, शिवाय कॉलमचं अंगही तेवढं पोकळ होतं. टी लावण्याचा मार्ग दिसायला सगळ्यांत सुटसुटीत, पण जोरदार सरीत तोच दगा देतो. वरच्या छपराचं पाणी वेगाने खाली येतं, पाइप खालच्या बाजूला तुंबला की त्याला पहिलं मोकळं तोंड सापडतं ते नव्या स्लॅबवरच्या जाळीचं. पाणी त्या जाळीतून वर उसळतं आणि स्लॅबवर तळं साचतं. ज्या तोंडातून पाणी जायचं, त्यातूनच ते येत असलेलं पाहून घरमालक चक्रावतो.

उत्तम उपाय म्हणजे जुन्या पन्हळीचा उतार फिरवून तिचं पाणी, खोली नाही त्या टोकाला न्यायचं आणि तिथे तिला स्वतंत्र ११० मिमीचा पाइप द्यायचा. नव्या स्लॅबला त्याचा वेगळा पाइप. दोघांची भेट झालीच तर ती जमिनीखाली, चेंबरमध्ये व्हावी. जागाच नसेल आणि एकाच पाइपमध्ये दोन्ही पाणी घ्यावं लागत असेल, तर सरळ टीऐवजी ४५ अंशांचा वाय वापरावा आणि तिथून खालचा पाइप मोठा घ्यावा. पाण्याच्या वाटेवर मोठ्या पाइपनंतर लहान पाइप कधीही येता कामा नये.

जुना पाइप करड्या रंगाचा, सिमेंटसारखा खरबरीत दिसत असेल तर तो बहुधा ॲस्बेस्टॉसचा आहे. त्याच्यावर ग्राइंडर चालवू देऊ नका. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचे परिणाम पुढे अनेक वर्षांनी दिसतात. पाइप ओला करून, क्लॅम्प सोडवून, न तोडता अख्खा उतरवावा.

जुन्या-नव्याचा सांधा

जुनं घर बसायचं तेवढं बसून गेलेलं असतं. नव्या खोलीचा पाया पहिली दोन-तीन वर्षं थोडा थोडा बसत राहतो. त्यामुळे दोन्ही भिंतींच्या मध्ये केसभर का होईना, फट पडणारच. सिमेंटने कितीही लिंपली तरी ती पुन्हा उघडते. म्हणून सांधा बंद करण्यापेक्षा त्याच्यावर पाणी येऊच न देणं महत्त्वाचं.

नव्या छपराचा उतार जुन्या भिंतीपासून दूर जाणारा हवा. हे सांगायची गरज का पडावी, असं वाटेल. पण पाइप जुन्या घराच्या कोपऱ्यात आयता आहे म्हणून स्लॅबचा उतार त्याच्याकडे, म्हणजे सांध्याकडेच दिलेली घरं गावोगाव दिसतात. पत्र्याचं छप्पर असेल तर जुन्या भिंतीत झिरी मारून फ्लॅशिंगची पट्टी आत खोचायची आणि तिची खालची बाजू पत्र्यावर सहा इंच तरी उतरू द्यायची. पट्टी भिंतीत पक्की, पत्र्यावर मात्र नुसती टेकलेली. म्हणजे खोली दोन-चार मिमी खचली तरी पट्टी फाटत नाही. नुसतं सिलिकॉन फासून भागवलेलं काम एक उन्हाळा काढतं, फार तर दोन.

पाइपही या सांध्यावरून आडवा न्यायचा टाळावा. न्यावाच लागला तर तिथला जोड रबर रिंगचा ठेवा. चिकटवलेला पाइप भिंतीबरोबर ताणला जाऊन सॉकेटपाशी तडकतो.

स्लॅब भरण्याआधी

पाणी जायचं तोंड सेंटरिंग बांधतानाच ठरलेलं पाहिजे. नंतर ड्रिलने भोक पाडून घातलेला पाइप हमखास पाझरतो. तोंडाच्या जागी पाइपचा तुकडा काँक्रीट भरायच्या आधी सोडतात. हा तुकडा गुळगुळीत असतो आणि गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. दोघांच्या मधल्या बारीक फटीतून पाणी उतरतं. त्यावर जुन्या प्लंबरांची युक्ती साधी आहे. तुकड्याला बाहेरून सॉल्व्हंट सिमेंट लावायचं, ते ओलं असतानाच त्यावर चाळलेली कोरडी वाळू भुरभुरायची आणि वाळू द्यायचं. पाइप पॉलिश पेपरसारखा खरबरीत होतो आणि काँक्रीट त्याला घट्ट धरतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करवून घेण्यासाठी स्लॅबच्या आदल्या दिवशी स्वतः हजर राहावं लागतं.

उतार १०० ला १ असावा, म्हणजे दहा फुटाला सव्वा इंच. हा उतार कोब्यात देतात. तोंडाभोवती दीड फूट लांबरुंदीचा भाग आणखी थोडा खोलगट करावा आणि पॅरापेटच्या कडेने गोलाई काढावी. जाळी सपाट नको. सपाट जाळीवर आंब्याचं एक पान किंवा दुधाची रिकामी पिशवी आडवी पडली की संपलं. घुमटासारखी उंच जाळी बाजूंनी पाणी घेत राहते.

आणखी एक भोक हवं, आणि ते बहुतेक जण विसरतात. मुख्य तोंडापेक्षा दोनेक इंच उंचीवर पॅरापेटमधून एक आडवा पाइप बाहेर काढून ठेवावा, दारावरून दिसेल असा. मुख्य पाइप तुंबला की पाणी इथून धो धो बाहेर पडतं. स्लॅबवर भार साचत नाही आणि वर जाऊन साफ करायची वेळ झाली हे खालूनच कळतं. या भोकाची पातळी स्लॅबवर उघडणाऱ्या दाराच्या उंबऱ्याहून खाली असावी, एवढं मात्र पाहावं.

पत्रा असेल तर पन्हळ

पन्हळीचं काम दिसायला सोपं, म्हणून त्यात हयगय जास्त. पत्र्याची कड पन्हळीत दोन इंच आत आली पाहिजे. कमी आली तर पाणी पन्हळीच्या मागून भिंतीवर उतरतं. फार पुढे गेली तर जोराच्या पावसात पन्हळ ओलांडून अंगणात पडतं आणि पन्हळीत हात घालून कचरा काढता येत नाही. उतार दहा फुटाला इंचभर. आधार दर दोन-अडीच फुटांवर, नाहीतर पाण्याच्या वजनाने पन्हळ मध्ये झोळ देते.

आणि पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली ठेवा. कधी ना कधी पन्हळ भरून वाहणारच आहे. तेव्हा पाणी अंगणात पडावं, भिंतीत जाऊ नये. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी पत्र्याखालून मागे चढून खोलीत नक्की येतं.

जुन्या घराचा उतार आणि नव्या खोलीचा उतार समोरासमोर आणून मध्ये एकच पन्हळ घालायची, ही आराखड्यातली चूक आहे. पाइप कितीही चांगला लावला तरी ती सुधारत नाही. जमल्यास छपराचा आकारच बदला. नाहीच जमलं, तर ती पन्हळ निदान फूटभर रुंद आणि दोन्ही टोकांना तोंड असलेली करा.

पाइप घेताना, लावताना

दुकानात माप मिलिमीटरमध्येच सांगा. ७५ मिमीच्या पाइपला कुठे अडीच इंची म्हणतात, कुठे तीन इंची, आणि यातच घोटाळे होतात. पाइपवर आयएस १३५९२ छापलेलं असावं. त्यात 'ए' प्रकार पावसाच्या पाण्यासाठी चालतो; 'बी' जाड असतो आणि संडास-बाथरूमसाठी वापरतात. पाइप पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात राहणार असेल किंवा अंगणात मुलांच्या चेंडूच्या टप्प्यात असेल, तर 'बी' घेतलेला बरा. रंगाचा एक हातही द्यावा, उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं.

सॉकेटचं तोंड नेहमी वर. वरच्या पाइपचं टोक खालच्याच्या सॉकेटमध्ये बसलं पाहिजे. उलटं बसवलेलं काम मी पाहिलं नसतं तर हे वाक्य लिहिलंच नसतं.

पीव्हीसी उन्हात वाढतं. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत भिंतीवरच्या पाइपच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात तीन मीटरचा पाइप साधारण ६ मिमी लांबतो. म्हणून रिंगच्या सॉकेटमध्ये पाइप पूर्ण आत घालायचा, कडेला पेन्सिलने खूण करायची आणि मग १० मिमी मागे ओढायचा. रिंगच्या जोडाला सॉल्व्हंट सिमेंट लावायचं नाही. ते लावलं की रिंग ठेवण्याचा हेतूच संपला. उभ्या पाइपला क्लॅम्प दर पाच-सहा फुटांवर आणि प्रत्येक सॉकेटखाली एक. आडव्याला दर तीन-साडेतीन फुटांवर. पाइप आणि भिंत यांच्यात इंचभर जागा सोडा, म्हणजे मागून ओल सुकते आणि ब्रशही जातो. गिट्टीसाठी विटांच्या सांध्यात नव्हे, विटेच्या अंगात भोक पाडा. जांभ्याच्या भिंतीत छोटी गिट्टी धरत नाही, तिथे लांब स्क्रू आणि मोठी गिट्टी लागते.

वळण घ्यायचं तर ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन बेंड. खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर झाकणाची डोअर टी बसवा. कचरा तिथेच अडकतो, आणि झाकण नसेल तर पाइप कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

खाली काय होतं

बऱ्याच घरांत पाइप जोत्याशी येऊन संपतो आणि मिनिटाला ८० लिटर पाणी नव्या पायाच्या कोपऱ्यावर ओततो. नव्या पायाभोवतीची माती भरावाची, पोकळ. मराठवाड्यात, सोलापुरात, विदर्भात ती काळी माती असते. पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसून भेगा पडतात. एकच कोपरा भिजत राहिला तर खोलीचा तेवढाच भाग हलतो आणि जुन्या घराशी असलेला सांधा तिरका फाटतो. छपराच्या गळतीसाठी वर्षानुवर्षं डांबर ओतलेल्या काही घरांचं दुखणं मुळात या कोपऱ्यात असतं. कोकणात माती फुगत नाही, पण वाहून जाते आणि जोत्याचा जांभा ओल धरून बसतो.

पाइपखाली दीड फुटी चौकोनी चेंबर बांधा. त्याचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपपेक्षा सहा इंच खोल ठेवा, म्हणजे माती आणि कौलांवरचं शेवाळ तिथे बसेल. चेंबरमधून ११० मिमीचा पाइप दहा फुटाला दोन इंच उताराने गटारापर्यंत, शोषखड्ड्यापर्यंत किंवा विहिरीकडे न्या. शोषखड्डा पायापासून निदान दहा फूट दूर असावा. काळ्या मातीत तर आणखी लांब. खोलीभोवती अडीच-तीन फुटांची फरसबंदी बाहेर उताराची हवी.

संडासाच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये हे पाणी सोडू नका, पाइप कितीही जवळून जात असला तरी. सेप्टिक टँकमध्ये मैला सावकाश खाली बसायला वेळ लागतो. पावसाचा लोंढा त्याला ढवळून शोषखड्ड्यात ढकलतो आणि खड्डा कायमचा बुजतो. आधी टँकच भरला तर पाणी संडासाच्या भांड्यातून घरात येतं.

शेजारी

वाढीव खोली बहुधा हद्दीच्या जवळ सरकते. पूर्वी कौलांवरून पागोळ्या पडायच्या त्या आपल्याच परसात. आता पाइपचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे होतं आणि भांडण उभं राहतं. १८८२च्या ईझमेंट कायद्यानुसार कुणी २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून दुसऱ्याच्या जागेत पाणी सोडत आला असेल तर त्याचा हक्क मान्य होऊ शकतो, म्हणूनच समजूतदार शेजारीही पहिल्या वर्षीच हरकत घेतो. आणि जुना हक्क असला तरी त्याचा बोजा वाढवता येत नाही: पागोळ्यांच्या हक्काच्या जागी चार इंची पाइप सोडता येत नाही. खोलीचा नकाशा मंजुरीला देताना त्यात पाइपची आणि चेंबरची जागा दाखवलेली असली तर पुढे बोलणं सोपं जातं.

पाणी घालून पाहा

स्लॅबच्या तोंडात बोळा कोंबून इंच-दीड इंच पाणी भरा आणि पूर्ण दिवस-रात्र तसंच ठेवा. इंचभर पाण्याचं वजन चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास असतं, घाबरायचं कारण नाही. खालून छताला, विशेषतः पाइपभोवती, हात लावून पाहा. मग बोळा एकदम काढा आणि पळत जाऊन चेंबर बघा. पाणी भरून येतं की सरळ निघून जातं, यावरून खालच्या पाइपचा उतार कळतो. पत्र्याच्या छपरावर नळी मारायची तर खालच्या कडेपासून वर सरकत जा. एकदम वरून सोडलं तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही. जुन्या पन्हळीतही दोन-चार बादल्या एका दमात ओता.

हे सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावं. मृग तोंडावर आला की प्लंबर फोन उचलत नाहीत, आणि वळीव तर मेच्या शेवटीच येऊन जातो. पहिल्या दोन-तीन सरींनंतर जाळी आणि चेंबर एकदा पुन्हा उपसून काढा. उन्हाळाभराची धूळ, कबुतरांची पिसं आणि बांधकामातले सिमेंटचे कपचे तेव्हाच खाली येतात.